डोळे आखणारी अक्का

नववीतून शाळा सोडून मी साक्रीहून भुसावळला मूर्तींच्या कारखान्यात आलो. तिथं मूर्तींचे डोळे आखायला एक अक्का होती. नाव तिचं मी कधी विचारलंच नाही. बुद्धमूर्तीचे डोळे आखण्याआधी ती कुंचला खाली ठेवून, डोळे मिटून नुसती बसायची.

"अक्का, झोप लागनी का?" मी एकदा चिडवलं.

"मना बाप रोज वंदनाले बसे. त्यानं तोंड याद करस. तेच आठे उतरस," मूर्तीच्या चेहऱ्याकडं बोट दाखवत ती म्हणाली.

नवरात्राआधी मालकांनी एका देवीचे डोळे मला दिले. "बिघडले तर सरळ गावाकडं जायचं," म्हणाले. मी कुंचला खाली ठेवला. मग अक्कासारखे डोळे मिटले, तर श्रावणात कानबाई देवीपुढं गाणं म्हणणारी माय दिसली. तशीच ती डोळ्यांत धरून मी कुंचला टेकवला.

अक्का मूर्तीकडं बघत राहिली. "कोना डोया शेतस ह्या?"

"मन्ही मायना."

"मालक, ह्याले आते कोठे धाडतस?" ती हसली.

मूर्ती ट्रॅक्टरवर चढली, तसे रस्त्यातले लोक थांबून हात जोडू लागले. माय अजून कधी भुसावळला आलेली नाही. पण त्या दिवशी अक्काच्या पुण्याईनं बठ्ठा बाजार, सगळाच्या सगळा, माझ्या मायला नमस्कार करत होता.