ठरल्याप्रमाणे पोचवलेली मुलगी

वर्ष संपत आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना सांगितलं, "यंदाच्या आवडत्या आठवणी लिहून द्या, हस्तलिखितात घालू." मी एक पान दिलं. परसबागेतली मेथी, बालसभेत सातवीच्या मुलींनी केलेली माझी नक्कल, असं सगळं गोड गोड. त्यांना न दिलेलं पान हे.

यंदा आमच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. मैदान म्हणजे नुसते सराट्याचे काटे. मुलींनी पावसाळाभर ते वेचले. खांब हवे होते, तर मी सुताराच्या दारात बसून त्याच्याशी इतकं भांडले, की त्यानं कंटाळून जुन्या छपराचे वासे तासून दिले. भांडण आणि घासाघीस मला नवी नाही. भूमच्या बाजारात अम्मीच्या बांगड्यांच्या टोपलीशेजारी पुस्तक उघडून मी शिकले. कुणी बोट धरून इथवर आणलं नाही, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवयही नाही.

संघात सातवीतली एक मुलगी होती. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. मैदानात मात्र मागे लागलेलीला अशी झुलवायची, की ती दमून कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

दसरा झाला. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. यंदा धाकटा भाऊ सांभाळायला तिलाही न्यायचं ठरलं होतं. दोन दिवसांनी ट्रॅक्टर निघणार होता आणि सामने दहा दिवसांवर होते. मी त्यांच्या घरी गेले.

"सहा महिने पोरीला इथंच ठेवा," मी म्हणाले.

"कुणापाशी ठिवू?" वडील म्हणाले. "आज्जी तर गेली. दोन टाइम खायला कोण घालंल?"

याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह काढता येतं. शाळेतून दोन वेळचं जेवण मिळतं, मूल नातेवाइकांकडे झोपतं. ऑगस्टमध्येच मी मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली होती. ते म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळची हिशेबांची डोकेदुखी विसरलात का? पुढच्या वर्षी बघू." तो राग अजून माझ्या पोटात आहे. त्या दिवशी त्या घरात मी रिकाम्या हाताने सौदा करत होते.

"बरं, दिवाळीपर्यंत ठेवा."

"न्हाय जमायचं."

"मग सामने होईपर्यंत तरी."

भांडी पोत्यात भरता भरता तिची आई म्हणाली, "दहा दिस र्‍हाईल चुलतीकडं. बारकं म्या बांधीन पाठीला. पण मग न्यायला कोण यील? कोयता बंद ठिवून येता येत न्हाय."

"मी आणून सोडते."

"ठरलं?" वडिलांनी विचारलं.

"ठरलं."

मी खुशीत घरी आले. अडून बसलेल्या माणसानं काही सोडलं, की त्याचं मन बदलायच्या आत उठायचं, हे मी बाजारात शिकलेले. चहा संपायच्या आत सहा महिन्यांवरून दहा दिवसांवर उतरले, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

सामना मी विसरणार नाही. शेवटच्या डावात आमची ती एकटीच उरली होती. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत होती. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शिट्टी वाजली तेव्हा ती थांबलीच नाही, मैदानाबाहेर पडून मला येऊन धडकली. मुख्याध्यापक चषक हातात घेऊन फोटोत मधोमध उभे राहिले. राहू देत.

संध्याकाळी तिच्या चुलतीकडे गेले. ती पोरीच्या पायांना तेल चोळत होती. म्हणाली, "बाई, र्‍हाऊ द्या की हिला माझ्याकडं. मला तरी कोण हाय? दहा दिसांत घर भरल्यागत झालंय."

"अहो, मग आधी का नाही बोललात?"

"मला कुणी इचारलं व्हय?"

खरं होतं. चार घरं सोडून राहणाऱ्या बाईला मी विचारलं नव्हतं. तिथूनच तिच्या दिराला, म्हणजे पोरीच्या बापाला, फोन लावला.

"बाई, ठरलं ते ठरलं," तो म्हणाला. "पोरीची आई बारकं पाठीला बांधून मोळ्या व्हाती हितं."

त्याच वेळी मी फोन चुलतीच्या हातात द्यायला हवा होता. त्याऐवजी माझं डोकं सटकलं. म्हणाले, "पोरीला दाईच करायची होती तर शाळेत घातली कशाला?"

 तो शांतपणे म्हणाला, "उद्या आणून सोडता, का म्या येऊ?"

चुलती हात पुढं करून बसली होती. मी फोन दिला तोवर तो बंद झाला होता. पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून आम्ही उसाच्या फडावर पोचलो. पाचटाच्या कोप्या, बुटक्या झोपड्याच त्या, मधे चुली. आईनं पाठीवरचं लेकरू सोडून पोरीच्या कडेवर दिलं आणि कंबर धरून हळूहळू सरळ झाली. तिच्यावर मला रागावता आलं नाही. वडिलांनी चहा पुढं केला. "शब्दाला जागलात बाई," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून आणलेलं हमीपत्रक मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न वाचता ट्रंकेत ठेवलं.

निघताना पोरगी रस्त्यापर्यंत आली. "बाई, जिल्ह्याला माझ्या जागी सहावीतलीला घेणार ना? तिला उन्हाकडं तोंड करून पळवू नका. तिचे डोळे दिपत्यात."

जिल्ह्याला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, बाकीची माणसं गावात परतली. हे कुटुंब वीटभट्टीकडे वळलं असं ऐकते. चुलती सकाळी शाळेच्या फाटकाशी येते आणि विचारते, "बाई, काही कळलं का?"

परवा एकदाचा पोरीच्या बापानं फोन उचलला. मी आवाज खाली ठेवून बोलत होते. पोरीला आठवीला पाठवा म्हणाले, चुलती वाट बघतेय म्हणाले.

"बघू," तो म्हणाला. "आता बारकं चालाय लागलंय, बाई. लई पळतंय. तिच्याबिगर कुणाला सापडत न्हाय."