रेकिस मास्तर

शाळेतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा येतोच! आमच्या वाशिमच्या हायस्कुलात तर बहुतेक किश्श्यांत सहदेव मास्तर असायचे. इंग्रजी अमलातली गोष्ट. मी मराठी शिकवायचो, ते सायन्स. मूळचे इंझोरीचे, घरी भाजीपाल्याची बागायत.

*

पहिल्याच तासाला त्यांनी कडुनिंबाचं पान वर धरलं. "दोन्हीकडं पानं, अन् मधात ही काडी. हिले रेकिस म्हणतेत."

एक पोरगा उठला, "मास्तर, आमी तं काडीच म्हणतो!"

"परीक्षेत काडी लेहून पाय. मार्क भी काडीएवढेच भेटतीन!"

त्या दिवसापासून त्यांचं नावच 'रेकिस मास्तर'.

*

इन्स्पेक्टर आले. टेबलावरचं मोरपीस उचलून म्हणाले, "यातल्या मधल्या दांड्याला काय म्हणतात?"

"रेकिस!" अख्खा वर्ग ओरडला.

"आणि माणसाच्या पाठीच्या कण्याला?"

"रेकिस!"

साहेब वैतागले. "मास्तर, या शाळेत एकच शब्द शिकवतात का?"

"नाही साहेब. पण देवानं तीन जागी एकच कारागिरी केली, त्याले मी काय करू!"

*

त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा म्हणून मास्तर माझ्या मागे लागले. मी विचार करून 'मध्यदंड' सुचवला.

"नको. दंड म्हटलं का पोरं हात पुढं करतेत!"

*

त्यांच्या घरी कौसल्यावहिनी शेवग्याचा पाला खुडत बसल्या की उरलेल्या काड्या हे गोळा करून वर्गात न्यायचे. वहिनी मला म्हणाल्या, "लोकं बायकोले गजरा आणतेत, भाऊजी. आमचे हे घरातल्या काड्या भी नेऊन राह्यले!"

*

मास्तरांना नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. आम्ही निरोपाचा हारसुद्धा आणला होता. आणि त्याच आठवड्यात त्यांची पाठ धरली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याचा क्षय. नागपूर राहिलं, शाळाही सुटली. गावी फळीवर उताणे पडून राहायचे, कुशीवरही वळायचं नाही.

भेटायला गेलो तर हसले. "जागा तीन शिकवल्या, गुरुजी. तिसरी लय दुखते!"

मला हसू आलं नाही.

*

पुढच्या खेपेला पाहतो तर वहिनी छपरावर! मास्तरांच्या बिछान्याच्या बरोबर वरचे कवेलू काढत होत्या.

"वहिनी, हे काय?"

"दिवसभर आढं पाहून राह्यले. उडते पाखरं तरी दिसतीन."

"आणि पाऊस आला तर?"

"आला तं बिछाना सरकवीन."

सरकवायची वेळ आली नाही. मास्तर थंडीतच गेले.

तेराव्याला गेलो. फळी उचललेली, खाली शेणानं सारवलेलं, आणि वरून उन्हाचा चौकोन पडलेला. वहिनी तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, "कवेलू बसवून देतो."

त्यांनी वर पाहिलं.

"राहू द्या, भाऊजी. कालपासून बगळे जाऊन राह्यले."