कैरोला आगबोट जात नाही

माझा थोरला भाऊ पोर्ट सैदला होता. हे मला ठाऊक होतं. आईला मी सांगितलं की तो आधी अलेक्झांड्रियाला गेला आणि मग कैरोला. एवढी तीन वाक्यं लिहायला निम्मं आयुष्य गेलं. आता ती लिहून झाली आहेत, तेव्हा उरलेलंही सांगून टाकतो.

आमचं घर रत्नागिरीच्या बंदराकडे जाणाऱ्या उतारावर होतं. वडील पडावावर, म्हणजे मालाच्या शिडाच्या होडीवर असत, ते लवकर गेले. भाऊ मुंबईस जाऊन आगबोटीवर आगवाला झाला. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभा राहून बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. त्याने पाठवलेल्या पैशांवर मी फायनलची परीक्षा पास झालो आणि घरामागच्या देवळातल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. सभामंडपात वर्ग भरायचा. मंडपाला भिंती नव्हत्या, नुसते खांब. आमच्या खळ्यात, म्हणजे मागच्या अंगणात, आई काय बोलते ते मला ऐकू यायचं आणि मी काय शिकवतो ते तिला.

भाऊ आईचा लाडका. यात विशेष काही नाही, थोरले बहुधा असतात. आमच्याकडे मोठा मासा आला की त्याचं डोकं भावाच्या ताटात पडे. तो बोटीवर गेल्यावर डोकं माझ्या ताटात येईल असं मला वाटलं होतं. आई ते शेजारच्या म्हातारीकडे पोचवू लागली.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. भाऊ बोटीवर आजारी पडला आणि सुएझच्या कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट सैदला, त्याला इस्पितळात उतरवून बोट पुढे गेली. त्याच्याबरोबरचे खलाशी परत आले ते एवढंच घेऊन. पुढे काय झालं कुणाला माहीत नव्हतं.

आई रडली नाही. तिने मला समोर बसवलं.

"केवढं गाव हाय ते पोरसैद?"

"मोठं आहे."

"आपल्या रत्नागिरीएवढं?"

"त्याहून पुष्कळ मोठं."

"राजापूर त्यात घातलं तर?"

"आई, असं मोजत नाहीत."

"मग कसं मोजतात?"

मी म्हटलं, सरकार माणसं मोजतं. घरोघर जाऊन, डोकी धरून.

"तर मग माज्या पोराला पण मोजला असंल की," ती म्हणाली. "कुणीतरी त्याच्या दारात गेलाच असंल."

तिचा हिशेब सरळ होता. बंदर आहे ना? मग धक्क्यावर उभं राहिलं की गावातला माणूस कधी ना कधी तिथे येणारच. रत्नागिरीत तसंच होतं. म्हणून समुद्रावर निघालेला कुणी भेटला की ती त्याला थांबवायची. डाव्या भुवईवर कोयत्याची खूण आहे, उजवा खांदा किंचित पडलेला आहे, धक्क्यावर जरा उभा राहा बाबा. लोक हो म्हणत. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, तेवढे महिने ती कुणालाही काही विचारत नसे. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा सुरू.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत एक खलाशी शाळेत आला. भाट्याच्या खाडीपलीकडचा, भावाबरोबर त्याच बोटीवर असलेला. त्याने खजुराचं पुडकं माझ्या हातात ठेवलं.

"मास्तर, भाव तुमचा बरा हाय. कोळशाच्या होड्यांवर कामाला लागलाय. तिथल्या एका बाईशी घर केलंन. पण त्याने सांगून धाडलंय, आई बोलवील तर येईन. बोलवलं नाय तर समजेन की तिथेच ऱ्हा म्हणते."

"हे आईला तुम्हीच सांगा ना. ती काय, खळ्यातच आहे."

"नको. त्या रडतील. मला बाईमाणसाचं रडणं बघवत नाय. तुम्ही मास्तर, तुम्हाला रोजची सवय हाय." तो हसला. "नि मला बोट धरायचीय. पुढल्या फेरीला येईन तेव्हा जबाब सांगा."

मी हो म्हटलं. तेव्हा सांगायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी आई सुकलेली आमसुलं गोळा करत होती. मी खजूर तिच्यापुढे ठेवले. एक खलाशी देऊन गेला म्हटलं. तिने लगेच विचारलं, "पोरसैदचा?"

"हो. पण तो आता तिथे नाही म्हणतात. अलेक्झांड्रियाला गेला."

अलेक्झांड्रियाच का, तर त्या आठवड्यात वर्गात इजिप्त चालू होता. इजिप्तमधली लोकवस्तीने मोठी शहरं मुलांकडून मी पाठ करून घेत होतो. कैरो, अलेक्झांड्रिया, पोर्ट सैद. तिसऱ्यावरून मी त्याला दुसऱ्यावर ढकललं. जीभ आपोआप वळली.

का, ते सांगायला हवं. मला जातीची भीती नव्हती, त्या बाईचीही लाज नव्हती. लोक काही म्हणाले असते आणि विसरले असते. आईने बोलावलं असतं आणि तो आला असता, एवढंच. तो आला असता तर मी पुन्हा धाकटा झालो असतो. तो गेल्यापासून आई प्रत्येक गोष्ट मला विचारायची. विचारायची त्याच्याबद्दल, पण मला विचारायची.

पुढल्या फेरीला खलाशी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "आई काही बोलली नाही." हे तसं खरंच होतं. तो मान हलवून गेला. मग त्याची बोट दुसऱ्या मार्गाला लागली आणि बरीच वर्षं तो दिसला नाही.

आईने अलेक्झांड्रिया शोधून काढली. शेजारच्या म्हातारीचा भाचा मालाच्या बोटीवर होता, ती बोट तिथे कापूस भरायला जायची. आईने त्याच्यासाठी आंब्याची साठं बांधून ठेवली. अर्धी तुला, अर्धी त्याला, धक्क्यावर उभा राहा. तो बंदरावर निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "आई, अलेक्झांड्रियाही त्याने सोडली. कैरोला असतो आता."

"कुणी सांगितलं?"

"बंदरावर बोलणं झालं."

"बरं. कैरोला कोणची बोट जाते?"

"कैरोला आगबोट जात नाही. समुद्र नाही तिथे."

"समुद्र नाय? नि गाव मोठं?"

"सगळ्यात मोठं."

"समुद्र नाय तर खातात काय मेले?"

मी हसलो. तीही हसली. मग उठून तिने त्या भाच्याकडून साठं परत आणली, नि फडक्यातून काढून पुन्हा डब्यात घातली. त्या वेळी मी ओटीच्या खांबाला टेकून बसलो होतो. तेव्हा बोलता आलं असतं.

दोन-चार दिवसांनी भाकऱ्या थापता थापता तिने विचारलं, "कैरोहून मोठं शहर हाय का रे त्या मुलखात?"

"नाही."

"मग आता तो पुढे जायचा नाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्यानंतर तिने बंदरावरच्या कुणालाही थांबवलं नाही. मला वाटलं, संपलं.

तो खाडीपलीकडचा खलाशी परत आला तो काही वर्षांनी. दाढी पांढरी झाली होती. मी वर्गावर होतो. नवी मुलं, तोच धडा. खांबांमधून मला दिसलं, तो आमच्या खळ्यात जाऊन जोत्यावर बसला. आई आमसुलं पसरत होती.

मुलं ओरडत होती, "कैरो, अलेक्झांड्रिया, पोर्ट सैद." मी हाताने त्यांना थांबवलं. का थांबवलं कुणास ठाऊक. गोंगाट चालू राहिला असता तर मला ऐकू आलं नसतं.

"आई, रागावू नका, पण विचारतो," खलाशी म्हणत होता. "पोराला तुम्ही बोलावलं नाय. बायको हाय, दोन पोरं हायेत, तरी अजून मला विचारतो, आई काय बोलली? तेव्हा मास्तरांजवळ सांगणं धाडलं व्हतं त्याने. पोरसैद सोडून कुठे गेला नाय तो. बोट लागली की धक्क्यावर उभा असतो."

आईचे हात आमसुलांवर तसेच राहिले. तिने मंडपाकडे पाहिलं नाही. माझ्या हातात खडू होता. उठावं, चार पावलं जावं, एवढंच करायचं होतं.

"व्हय," आई म्हणाली. "मास्तरने सांगितलं व्हतं मला. त्याच दिवशी."

"मग?"

"मीच नाय बोलावलं. बाई नि पोरं टाकून यायचं व्हय त्याने? सुखाने ऱ्हा म्हणावं. इथे मास्तर हाय माझं बघायला."

खलाशी म्हणाला, "कठीण काळीज हाय तुमचं, आई."

"व्हय बाबा. चहा टाकू तुला?"

एक मुलगा म्हणाला, "मास्तर, पुढे काय?" मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. मुलं पुन्हा सुरू झाली. खलाशी चहा पिऊन, माझ्याकडे हात उंचावून गेला. मीही हात उंचावला.

आई काय बोलली ते त्याने पोर्ट सैदला जाऊन सांगितलं असणार. आपल्याला बोलावलं नाही ते आईने, असंच भाऊ धरून चालला. लढाई सुरू झाल्यावर तो तिथेच वारला, असं कळलं. आई त्याच्या आधीच गेली होती. मधल्या काळात तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

खलाशी येऊन गेला त्या दिवशी मात्र शाळा सुटल्यावर मी घरी आलो तेव्हा घरात मोठी तांबोशी मासळी आणलेली होती. आईने पान वाढलं. माझ्याकडे न बघता डोकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं. त्या दिवसापासून ती असेपर्यंत डोकं मलाच मिळालं.

मी ते खाल्लं.