काढला म्हणजे काय केला

संगणकाने माणसाला विस्मरणाच्या शापातून कायमचे मुक्त केले आहे. हे वाक्य माझे नाही. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीने ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणक आणि मोबाइलचा वर्ग सुरू केला, त्याच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सवर ते होते. खाली सेक्रेटरींचा हात जोडलेला फोटो होता. उद्घाटन उशिरा झाले, कारण हॉलमधल्या संगणकाचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. तो शेवटी मॉनिटरच्या पाठीमागे चिकटवलेल्या कागदावर सापडला, तोवर समईतले तेल संपत आले होते.

वर्ग मी घ्यायचा असे ठरले होते. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. पुस्तकांची कार्डे जाऊन संगणक आला, तेव्हा मी नोकरीत होते, एवढीच माझी पात्रता. पण आमच्या इमारतीत बाकीच्यांकडे तेवढीही नसल्यामुळे मला शाल आणि नारळ मिळाला आणि माझ्या नावामागे ‘तज्ज्ञ’ लागले.

वर्ग दर मंगळवारी दुपारी, जेवणानंतरच्या झोपेच्या वेळेत असे. सुरुवातीला मी पासवर्ड, फसवे मेसेज, कोणाला काय सांगू नये, अशा जबाबदार गोष्टींवर बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना पूर्वीसारखेच मेसेज पुढे ढकलले. ज्या युक्त्यांचे सोने झाले त्या अगदी साध्या होत्या. मोबाइलवरची अक्षरे मोठी करता येतात, हे कळल्यावर एका आजोबांनी ती इतकी मोठी केली की पडद्यावर एका वेळी दीडच शब्द मावू लागला. ते खूश होते. गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरे कॅमेऱ्यासमोर धरून बोटांनी ताणली की वाचता येतात, ही युक्ती तर इमारतीबाहेर पसरली. बोलून मराठी टाइप करता येते हे दाखवले, तेव्हा हॉलमध्ये थोडा वेळ सगळेच आपापल्या फोनशी बोलत होते आणि कोणाचा फोन कोणाचे ऐकतोय ते कळत नव्हते.

अडचण भाषेची झाली. सेक्रेटरींचा आग्रह होता की वर्ग शुद्ध मराठीत व्हावा. त्यांनी शब्दांचा एक तक्ताच आणला होता. पासवर्डला संकेतशब्द, ईमेलला ई-पत्र, डिलीटला विलोपन. ते स्वतः दारावरच्या वॉचमनशी हिंदीत आणि नातवाशी इंग्रजीत बोलत, त्यामुळे त्यांची मराठी न वापरता चांगली राहिली होती. मी ई-पत्रापर्यंत गेले. विलोपन म्हणायला माझी जीभ वळेना. शेवटी तडजोड अशी निघाली की डिलीट करणे याला ‘काढणे’ म्हणायचे. नको असलेले फोटो काढा, जुने मेसेज काढा, फोनमध्ये जागा करा. साधे, सोपे, मराठी. सेक्रेटरी म्हणाले, ‘बघा, आपल्या भाषेत शब्द आहेत.’

शब्द आहेत हे खरेच. पण ‘काढणे’ हा आमच्याकडचा फार कामाचा शब्द आहे. आपण दात काढतो, रांगोळी काढतो, झोप काढतो, खोड्या काढतो, कोणाची तरी वरात काढतो. फोटो कॅमेऱ्याने काढतो, कपाटातून काढतो आणि अल्बममधूनही काढतो. तिन्ही वेळी क्रियापद तेच असते आणि फोटोचे प्रत्येक वेळी वेगळेच काही होते.

तिसऱ्या मजल्यावर माझी एक मैत्रीण राहते. मूळची मालवणकडची. तिचे सासरे गिरणीत होते, यजमान बँकेत कारकून होते, मुलगा आता कुठल्याशा कंपनीत काही तरी ‘मॅनेज’ करतो. बोलते सगळ्यांसारखीच, पण राग आला की मालवणीत उतरते. तिचे यजमान माझ्या वर्गातले सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी. पहिल्या मंगळवारपासून ते मला मॅडम म्हणू लागले. त्याआधी वीस-पंचवीस वर्षे ते मला काहीच म्हणत नसत. सांगितलेले ते अक्षरशः करत. उरलेल्या आयुष्यातही त्यांची तीच पद्धत होती. पोळीवर तूप वाढू का विचारले तर ‘हो’ म्हणायचे आणि बस म्हणायला सांगितलेले नाही म्हणून बघत बसायचे.

त्या वर्षी त्यांच्या मुलाने दिंडोशीला फ्लॅट घेतला. गृहप्रवेश रविवारी होता. पूजा सांगायला गुरुजी ठरले होते, पण माझ्या मैत्रिणीचा जीव गुरुजींत नव्हता, गाऱ्हाण्यात होता. त्यांच्याकडे कुठलेही मोठे काम करताना घरातला वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहून मालवणीत गाऱ्हाणे घालतो. गावची देवी, राखणदार, घराण्याचे पूर्वज, सगळ्यांना क्रमाने हाका मारायच्या, मग मागणे मागायचे, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. प्रत्येक घराचा हा क्रम वेगळा असतो. त्यांच्या घरचा क्रम थोरल्या दिरांना पाठ होता. दीर गेल्या पावसाळ्यात वारले. लिहून कोणी ठेवले नव्हते, कारण गाऱ्हाणे लिहायचे असते हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. पण शेवटच्या गणपतीत पुतण्याने त्यांचा व्हिडिओ घेऊन घरच्या ग्रुपवर टाकला होता. आता घरात वडीलधारे म्हणजे तिचे यजमान. त्यांनी तो ऐकून गाऱ्हाणे पाठ करायचे आणि रविवारी नव्या घराच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, असे ठरले होते.

शुक्रवारी सकाळी ती बाजाराला निघाली. जाताना चपला घालत घालत तिने यजमानांना सांगितले, मी येईपर्यंत तो भावजींचा व्हिडिओ काढा. ती म्हणाली त्याचा अर्थ, शोधून समोर काढून ठेवा, आल्यावर ऐकू. त्यांनी मंगळवारचा अर्थ घेतला.

ती परत आली, पिशव्या ठेवल्या आणि विचारले, काढलात काय?

‘काढला.’

‘खंय ठेवलात?’

‘ठेवायचा कशाला? काढला.’

हे संभाषण मला दोघांनीही नंतर सांगितले आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता. पुढचे मी माझ्या घरातून ऐकले. मी पहिल्या मजल्यावर राहते. थोड्या वेळाने ती यजमानांना पुढे घालून माझ्या दारात उभी राहिली. त्यांच्या हातात फोन होता.

‘तूच शिकवलंस गं ह्यांना,’ ती म्हणाली. ‘आता तूच बघ.’

मी यजमानांना विचारले, नेमके काय केले? ते म्हणाले, तुम्ही सांगितलेत तसेच, मॅडम. व्हिडिओ काढला. ग्रुपमधूनही काढला. जागा किती मोकळी झाली तेही बघितले.

अशा वेळी घाबरायचे कारण नसते, हे मी वर्गात सांगत असे. फोनवरून काढलेला फोटो किंवा व्हिडिओ लगेच नाहीसा होत नाही; तो फोनच्या कचरापेटीत जाऊन महिनाभर पडून राहतो आणि तिथून परत घेता येतो. मी कचरापेटी उघडली. ती स्वच्छ होती.

‘ती पण रिकामी केली,’ ते म्हणाले. ‘तुम्ही म्हणाला होतात, नुसते काढून जागा होत नाही, पेटीही रिकामी करावी लागते.’

मी तसे म्हणाले होते. वर्गातले कोणी हे लक्षात ठेवील अशी माझी अपेक्षा नव्हती.

‘काढूक सांगितलंय, उडवूक नाय,’ माझी मैत्रीण म्हणाली. मग ती खुर्चीवर बसली. तिचा आवाज चढलेला मी अनेकदा ऐकला होता, उतरलेला पहिल्यांदाच ऐकत होते. ती नेहमीच्या भाषेत म्हणाली, ‘भावजींचा आवाज तेवढाच होता गं. बाकी लग्नाच्या कॅसेटमध्ये ते पंगतीत वाढताना दिसतात, पण बोलत नाहीत.’

पुतण्याला फोन लावला. ज्या फोनवर त्याने व्हिडिओ घेतला तो होडीतून खाडीत पडला होता. मग मी म्हणाले, ग्रुपवर टाकला होता ना, म्हणजे कोणाकडे तरी असणारच. तिने ग्रुपवर विचारले. ग्रुप मोठा होता. गाव, डोंबिवली, चेंबूर, एक भाची दुबईला. व्हिडिओ आला तेव्हा त्या सगळ्यांनी खाली हात जोडले होते, काहींनी फुलेही वाहिली होती. आता एकेकाला विचारल्यावर कळले की यजमानांशिवाय तो उघडला कोणीच नव्हता, तिने स्वतःही नाही. मोठा होता, नंतर बघू म्हणून सोडला. आता उतरवायला गेले तर पडद्यावर धूसर चित्र दिसे आणि खाली सूचना येई की ज्याने पाठवला त्याला पुन्हा पाठवायला सांगा.

दुपारी तिने आठवेल तसे रचायला घेतले. बोलून टाइप करायची युक्ती मीच दाखवलेली. ती फोनसमोर गाऱ्हाणे म्हणू लागली. फोनला मालवणी येत नव्हती. ‘म्हाराजा’चा त्याने दर वेळी ‘महाराजा’ केला, ते एक वेळ चालले असते, पण तिला स्वतःलाच राखणदाराच्या पुढे कोण येतो ते आठवेना. यजमानांनी एक नाव सुचवले. ती म्हणाली, ते तुमच्या मामाच्या गावचे. क्रम चुकला तर काय होते, असे मी विचारले नाही. ज्यांचे देव क्रमाने ऐकतात त्यांना हे विचारण्यात अर्थ नसतो, आणि ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या बाईने तर क्रमाची थट्टा करूच नये.

मी उगाच त्यांच्या फोनमध्ये इकडे तिकडे पाहत होते. यजमान शेजारी अपराध्यासारखे उभे होते. आपण वर्गात वाईट नाही हे कुठे तरी नोंदले जावे म्हणून असेल, ते म्हणाले, ‘मॅडम, ई-पत्राचा गृहपाठ मात्र मी केला होता.’

ई-पत्राला फोटो कसा जोडायचा हे मी शिकवले होते. गृहपाठ असा होता की प्रत्येकाने सोसायटीच्या पत्त्यावर एक फोटो जोडून पाठवायचा. सोसायटीची ती पेटी कोणीही उघडत नाही, म्हणूनच मी ती निवडली होती. मी विचारले, कशाचा फोटो पाठवलात?

‘फोटो नाही,’ ते म्हणाले. ‘फोटो सगळेच पाठवणार. मी व्हिडिओ पाठवला.’

माझ्या मैत्रिणीने मान वर केली.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, जी मी वर्गात सांगितली नव्हती, कारण कोणी एवढे मोठे काही जोडील असे वाटले नव्हते. पत्राला फार जड फाइल जोडली की ती पत्राबरोबर जात नाही. ती आपल्याच खात्याच्या ऑनलाइन साठ्यात ठेवली जाते आणि पत्रातून नुसता तिचा दुवा जातो. म्हणजे फोनवरचा व्हिडिओ काढला, ग्रुपवरचा काढला, पेटी धुऊन पुसून ठेवली, तरी ही तिसरी प्रत जागच्या जागी असते. ‘पाठवलेली पत्रे’ उघडली. गृहपाठ तिथे होता. विषयाच्या जागी ‘गृहपाठ’ असेच लिहिले होते. दुव्यावर बोट ठेवले आणि वर्तुळ थोडा वेळ फिरल्यावर दीर दिसले. पांढरी टोपी, खाकरणे, आणि मग ‘बा देवा म्हाराजा’.

मैत्रिणीने पदर डोळ्यांना लावला. मी व्हिडिओ तिथेच थांबवला आणि यजमानांना म्हणाले, आता हा फोनवर उतरवून घ्या.

‘उतरवून म्हणजे?’ त्यांनी सावधपणे विचारले.

‘डाउनलोड,’ मी म्हणाले. शुद्ध मराठीतला वर्ग त्या दिवसापासून बंद झाला.

मी तो व्हिडिओ तिच्या फोनवर, मुलाच्या फोनवर आणि माझ्या संगणकावर ठेवला. महत्त्वाची गोष्ट एकाहून जास्त ठिकाणी ठेवावी, हा सगळ्या संगणकशास्त्रातला मला कळलेला एकमेव नियम आहे. तिने व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.

शनिवारभर यजमान पाठ करत होते. जिन्यातून जाता-येता त्यांचा आवाज येई. सोपे करावे, काही गाळावे, असे त्यांनी विचारले असावे, कारण तिचे उत्तर मला खालपर्यंत ऐकू आले: एक शब्द सोडायचा नाही, भावजींनी म्हटले तस्सेच म्हणायचे. सांगायची गरज नव्हती.

रविवारी मी दिंडोशीला गेले. इमारत उंच होती, लिफ्टमध्ये आरसा होता, फ्लॅटला ताज्या रंगाचा वास होता. गुरुजींनी पूजा केली आणि दुसरीकडे पोचायचे म्हणून घाईने निघून गेले. मग सगळे उंबऱ्यापाशी गोळा झाले. यजमानांनी टोपी घातली, विडा आणि नारळ पुढे ठेवला, खाकरले. ते खाकरणेही दिरांचेच होते. मग त्यांनी सुरुवात केली. देवी आली, राखणदार आला, त्याच्यामागून जो कोणी येतो तोही आला, पूर्वज आले. माझ्या मैत्रिणीने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. क्रम बरोबर होता. तिच्या चेहऱ्यावरून मला तेवढे कळत होते.

‘ही जी काय लेकरा आज तुझ्या पायाकडे उभी रवली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले.

लेकरांना शिक्षण मागून झाले, नोकऱ्या मागून झाल्या, आजारपण दारातून परत पाठवून झाले. दर वेळी ‘व्हय म्हाराजा’. मुलाच्या शेजारची गुजराती माणसे पेढे घ्यायला आली होती, तीही तिसऱ्या मागण्यापासून म्हणू लागली. यजमान न अडखळता पुढे जात होते. शेवटच्या मागण्याला त्यांनी आवाज थोडा चढवला, जसा दिरांनी चढवला असणार.

‘आणि आमच्या ह्या वाडीत मोबाइलचो टॉवर येवंदे रे म्हाराजा.’

मुलाने आईकडे पाहिले. तिने डोळे उघडले नाहीत. ‘व्हय म्हाराजा,’ ती म्हणाली, आणि मग आम्ही सगळेच म्हणालो.

टॉवर त्या इमारतीच्या गच्चीवर आधीपासूनच होता.