मोहाच्या दिवसांतलं डोकं आणि चंद्रपूरची बस

इथे मी एरवी हौसेने केलेल्या सहली लिहिते. ही सहल नव्हती. तरी लिहितेय, कारण असली डोकेदुखी घेऊन भामरागडहून कुठे जायचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर आमची काही वर्षं वाचली असती.

माझे यजमान शिवराम इथल्याच जंगलगावचे. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मोहाची फुलं गळायला लागली की त्यांच्या डाव्या डोळ्यामागे कळ उठते, रोज. मोह संपला की दुखणंही गायब. घरात सगळ्यांचं एकमत होतं, मोहाचा वास बाधतो. दरम्यान चष्मा लागला, एक चांगली दाढ काढून झाली, सायनसच्या गोळ्या झाल्या. रोग रेड्याला, औषध पखालीला! यंदा तर बांधावरचं वाडवडिलांचं मोहाचं झाडच त्यांनी आपल्या काकांना वेचायला देऊन टाकलं. आमच्याकडे एकदा दिलेलं झाड परत मागत नाहीत. तरी कळ आलीच. एका दुपारी ते भिंतीवर डोकं आपटताना दिसले आणि मी ठरवलं, आता मेंदूचाच डॉक्टर. नागपूरचे एक न्यूरोलॉजिस्ट ठरलेल्या दिवशी चंद्रपूरला येतात असं कळलं. तुम्हीही आधी फोन करून नंबर लावा, नाहीतर हेलपाटा पडेल.

सकाळच्या बसने आलापल्ली, तिथे गाडी बदलून आष्टी, गोंडपिपरी. आलापल्लीला आलूबोंडा गरम मिळतो. माझा कागदातच गुंडाळलेला राहिला.

गोंडपिपरीच्या अलीकडे त्यांना डुलकी लागली. मला बरं वाटलं. तेवढ्यात ते दचकून उठले. डावा डोळा लालभडक, पाणी वाहतंय, नाक गळतंय. बसवेना म्हणून चालत्या बसमध्ये येरझारा सुरू.

"काऊन भाऊ, सकाळीच मोहाची घेतली काय?" कंडक्टर म्हणाला.

"दारू नाई जी, डोकं दुखून राह्यलं त्याईचं!" मी ओरडलेच. "गाडी थांबवा!"

गाडी थांबली. ते भर उन्हात रस्त्याच्या कडेने कानशिलावर मूठ मारत फिरत होते आणि मी मागून त्यांचा शर्ट धरून. एखाद्या ट्रकखाली जातात की काय, म्हणून हॉर्न वाजला की मी त्यांना मागे ओढत होते. बऱ्याच वेळाने कळ उतरली. कंडक्टरने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

बल्लारपूरला पेपरमिलचा वास आला तसा मी पदर त्यांच्या नाकावर दाबला.

"वासानं नाई मरत मी," ते म्हणाले, "तुह्या पदरानं मरीन."

चंद्रपूरला डॉक्टरांनी विचारलं, "दुखताना अंधारात पडून राहता की फिरता?" मी उठून चालून दाखवलं, मूठ कानशिलावर मारत. मग मीच मोहाच्या वासाचं सांगितलं.

"यंदा झाडाजवळ गेलोच नाई साहेब," शिवराम म्हणाले. "झाडच देऊन टाकलं काकाले. तरी आलं."

"मग मोह निर्दोष सुटला की! हिला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. काहींना ती दरवर्षी ठरावीक महिन्यांतच येते. तुमचे महिने मोहाचे, एवढंच. फक्त या दिवसांत दारूचा थेंब नको."

स्कॅन सांगितला, रोजच्या गोळ्या दिल्या आणि कळ आली की मास्कने ऑक्सिजन द्यावा, अशी आमच्या ग्रामीण रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. मी तिथेच रडले. दुखण्याला नाव मिळालं म्हणून कुणी रडतं का? मी रडले.

घरी आल्यावर पुन्हा कळ आली, तसं त्यांना धरून रुग्णालयात नेलं. मास्क लावला आणि थोड्या वेळात त्यांची आवळलेली मूठ माझ्या हातात सुटली. माझी भीती मात्र सुटलेली नाही. ऐन वेळी सिलिंडर रिकामं निघालं तर? परत परत जाऊन विचारते, नर्सबाई वैतागतात.

मोहाचा दोष नाही हे ऐकून काका आले. "झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केली हाय. उद्या ये वेचायले."

"देल्लं झाड परत कसं घेऊ काका?"

"परत कोन देऊन राह्यलं? माही कंबर दुखते. माह्यासाठी वेच."

काकांच्या कंबरेला काही झालेलं नाही.

पहाटे मीही सोबत गेले, लक्ष सगळं त्यांच्या डाव्या डोळ्याकडे. त्यांनी एक फूल उचललं, नाकाशी धरलं आणि छाती भरून वास घेतला. माझा श्वास अडकला.

"घे वं आता श्वास," ते म्हणाले आणि त्यांनी फूल टोपलीत टाकलं.