मी आलोच

सोलापुरात संघपाल शिवशरणला कुणी ताजमहाल कसा आहे म्हणून विचारलं, तर तो क्षणभर विचार करतो आणि सांगतो, पार्किंग फार लांब आहे. काशीचं विचारलं तर म्हणतो, दूध चांगलं मिळतं, पण गल्ल्यांमधून सामान न्यायला हमाल लागतात. दार्जिलिंगला पाण्याची बोंब, आंघोळीला माणशी एकच बादली. वीस-बावीस वर्षं हा माणूस लोकांना देश दाखवत फिरतोय आणि त्याला स्वतःला देशाची मागची बाजू तेवढी तोंडपाठ आहे. तिकडे डोंगरावर पहाटे सगळी मंडळी सोनेरी शिखराकडे तोंड करून उभी असतात, तेव्हा हा शिखराकडे पाठ करून जीपवाल्यांशी हुज्जत घालत असतो. कांचनजंगा त्यानं पाहिली ती लोकांच्या मोबाइलमध्ये.

जन्म होटगीचा. वडील त्रिंबक रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. त्यांना रेल्वेचा पास मिळायचा. त्या पासावर एकदा बायकोला, मीनाबाईला घेऊन बोधगयेला जायचं, बोधिवृक्षाखाली शेजारी शेजारी बसून वंदना म्हणायची, हे त्यांनी इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांनाही ते पाठ झालं होतं. पण कधी लेकीचं लग्न निघालं, कधी रजा मिळाली नाही, आणि निवृत्ती दिसायला लागली तेव्हा तेच गेले. मीनाबाईनं त्यावर त्रागा केला नाही. नवऱ्याच्या जागी लेक बसेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

लेक तर प्रवासाच्याच धंद्यात पडला. आधी दसऱ्याला गल्लीतल्या लोकांना जीप करून नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचा, मग अजिंठा-वेरूळ, मग महाबळेश्वर, उटी, आणि शेवटी मोठी बस करून उत्तर भारत. धंदा चालवायचा तर सगळ्यांचं मन राखावं लागतं. म्हणून त्याच्या एकाच सहलीत भाविकांना उज्जैन-काशी, हौशी लोकांना आग्रा, त्याच्या आपल्या माणसांना सारनाथ आणि बोधगया, आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांना दार्जिलिंगची थंडी. सगळे खूश होऊन परत येतात. संघपाल परत येतो आणि बुधवार पेठेतल्या घरात दोन दिवस नुसता झोपून राहतो.

मीनाबाई दर हंगामाला विचारायची, आणि तो म्हणायचा, पुढच्या खेपेला नक्की. ती म्हणायची, बरं. तिचं हे 'बरं' फार वाईट. त्यात रुसवा नसायचा, त्यामुळे समजूत काढायलाही जागा नसायची.

या वर्षी तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या डोळ्यानं दिसायचं तेही कमी झालं. दुसऱ्यातही मोतीबिंदू उतरलाय. तेव्हा संघपालची बायको प्रतिक्षा नवऱ्याला म्हणाली की या खेपेला आधी आईंची जागा, मग बाकीची एक्केचाळीस. ती एकदा ठामपणे बोलली की संघपाल वाद घालत नाही. सोलापूरहून गाडी निघाली तेव्हा मीनाबाई तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी घातलेली पांढरी साडी.

ती जागा टेंभुर्णीपर्यंत टिकली. टेंभुर्णीच्या नाक्यावर आडतवाले मुकुंदराव चढायचे होते. त्यांनी सांगितल्या होत्या दोन जागा आणि उभे होते तिघं. मेव्हणीला ऐनवेळी यावंसं वाटलं. संघपालनं गाडीभर नजर फिरवली. नाही म्हणायची त्याला सवय नाही, आणि गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही. त्यानं आईला सांगितलं की उज्जैनपर्यंत पुढं केबिनमध्ये बस, मग बघू. मीनाबाई बरं म्हणाली आणि ड्रायव्हरच्या डावीकडे लांबट पेटीवर जाऊन बसली. पुढं उज्जैन आलं आणि गेलं. मग आग्रा, मग काशी. ती पेटीवरच होती.

आता त्याच्या मोजणीची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक ठिकाणाहून निघताना संघपाल गाडीच्या मधल्या वाटेनं शेवटापर्यंत जातो, प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत, टोपल्यातल्या भाकऱ्या मोजाव्यात तसा. बेचाळीस भरली की ओरडतो, चला. ड्रायव्हर, क्लीनर, आचारी शरणबसव आणि तो स्वतः या मोजणीत नसतात. ती घरची माणसं, ती कुठं जाणार? टेंभुर्णीला मीनाबाई पेटीवर बसली आणि त्याच घरच्या माणसांत जमा झाली. हे त्यानं ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, निदान लक्षात तरी राहिलं असतं.

प्रवासभर ती त्याला अशीच ओझरती दिसली. सकाळी शरणबसवला कांदे चिरून देताना, कुणा बाईच्या डोक्याला तेल लावताना. सारनाथला स्तूपाच्या सावलीत ती एकटी बसलेली त्यानं लांबून पाहिली. जावंसं वाटलं, तेवढ्यात पद्मजाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेला चक्कर आली. त्यानं आईला हात करून सांगितलं, मी आलोच.

हे त्याचं पालुपद. दिवसभरात तो ते किती जणांना म्हणतो याचा हिशोब नाही. रूमला गरम पाणी नाही, मी आलोच. बॅग सापडत नाही, मी आलोच. बहुतेकांकडे तो जातोही. कुणाकडे जायचं राहून जातं, ते लोक चिडतात, मग त्यांच्याकडे आधी जावं लागतं. जे चिडत नाहीत त्यांच्याकडे जाणं राहूनच जातं.

बोधगयेला गाडी दुपारी पोचली. संघपाल आईला म्हणाला की संध्याकाळी आपण दोघं जाऊ. संध्याकाळी मुकुंदरावांना काशीची लस्सी बाधली आणि त्यांना डॉक्टरकडे न्यावं लागलं. परत आल्यावर तो म्हणाला की आता सकाळीच, गाडी निघायच्या आधी. मीनाबाई त्याच्याकडे बघून म्हणाली, बरं, तू आधी दोन घास खा.

सकाळी उजाडता उजाडता ती आंघोळ करून, पांढरी साडी नेसून लॉजच्या पायरीवर येऊन बसली. फोन आत नेऊ देत नाहीत हे तिनं बायकांकडून ऐकलं होतं, म्हणून फोन पिशवीत घालून पिशवी गाडीतच ठेवली. संघपाल अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर सिलीगुडीच्या जीपवाल्याशी बोलत होता. त्या जीपवाल्यानं ठरलेल्या जीपा दुसऱ्याला दिल्या होत्या. आई उठून जवळ आली तेव्हा त्यानं फोनवर हात ठेवला.

"तू हो पुढं. मी आलोच."

विहाराकडे निघालेल्या आणखी चार बाया होत्या, त्यांच्याबरोबर ती गेली. बाया तासाभरानं परतल्या. मीनाबाई लेकासाठी थांबली आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि लेक तिला घेऊनच येणार हेही त्यांनी धरून चाललं होतं. जीपा मिळेपर्यंत नऊ वाजले. संघपालनं घाईघाईनं माणसं गाडीत घातली, सीटच्या पाठींना हात लावत मागं गेला. बेचाळीस भरली. तो ओरडला, चला.

केबिनमधली पेटी रिकामी होती. त्याला वाटलं, आई आज मागं बायकांत आडवी झाली असेल, बरंच आहे. ड्रायव्हरला वाटलं, साहेबांनीच आईंना मागं निजवलं. बायकांना वाटलं, ती पुढं लेकाजवळ आहे. तीन रात्री नीट डोळा न लागलेला संघपाल त्या पेटीवर टेकला आणि बसल्या जागी झोपला. आईच्याच जागेवर.

राजगीरच्या रस्त्यावर गाडी चहाला थांबली. शरणबसव मागच्या दारानं उतरून पुढं आला. तो अक्कलकोटकडचा, मीनाबाईला अव्वा म्हणतो. त्यानं केबिनमध्ये डोकावून विचारलं, "अव्वा कुटं हाय?"

संघपालनं डोळे चोळले, मागं जाऊन आला, ढाब्याच्या मागं बघून आला. मग आईला फोन लावला. फोन पेटीखाली वाजला, तिच्या पिशवीत.

त्यानं आजवर हरवलेली माणसं कमी शोधली नाहीत. आग्र्याला एक आजोबा दुसऱ्याच गाडीत जाऊन बसले होते, तेही त्यानं शोधून आणले. पण या वेळी आई होती. एका डोळ्याची म्हातारी, हिंदी येत नाही, जवळ फोन नाही, आणि ती हरवली आहे हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. पोटच्या पोराच्या ध्यानात आलं नाही. त्याला भीती वाटत होतीच, पण भीतीहून शरम जास्त वाटत होती.

मुकुंदराव म्हणाले, मग आता आमचं नालंदा राहणार का? शरणबसवनं काही न विचारता डिकीतून शेगडी बाहेर काढली आणि उपीट करायला घेतलं. संघपालनं उलट्या दिशेनं जाणारी एक जीप हात दाखवून थांबवली आणि तो तिच्यात चढला.

सगळ्या वाटेनं फोन वाजत होता. बोधगयेला विहाराच्या दारापाशी फोन जमा करावा लागतो, तो त्यानं खिडकीत देऊन टाकला आणि चपला काढल्या. इतक्या वर्षांत तो या दारातून आत गेला होता तो माणसं आत सोडायला किंवा बाहेर बोलवायला. फोन नसलेला कान त्याला हलका हलका वाटत होता.

मीनाबाई बोधिवृक्षाच्या कठड्यापाशी बसली होती. आजूबाजूला पिवळी, तांबडी चीवरं, परदेशी माणसं, आपापल्या भाषेतला पाठ. तिनं शेजारी आपला रुमाल अंथरून ठेवला होता. कुणी तिथं बसायला आलं की ती रुमालावर हात ठेवत असावी, कारण एवढ्या गर्दीत तेवढी जागा मोकळी होती.

संघपाल समोर उभा राहिला. काय बोलायचं ते सगळं त्यानं जीपमध्ये जुळवलं होतं. तिनं चांगला डोळा वर करून पाहिलं.

"आलास? ये, बस हितं."

तिला काहीच माहीत नव्हतं. गाडी गेली, तिची आठवण कुणाला झाली नाही, यातलं काहीही माहीत नव्हतं. तो म्हणाला होता आलोच, म्हणून ती बसून होती. उशीर झाला तो त्याला कामं असतात म्हणून. त्यानं तोंड उघडलं, पण ती म्हणाली, आधी टेक, लई दमलेला दिसतोस. तो रुमालावर बसला.

मीनाबाईनं हात जोडले आणि त्रिशरण सुरू केलं. संघपालनंही जोडले. होटगीच्या विहारात लहानपणी पाठ केलेले शब्द, ते आपोआप येत गेले. आईचा आवाज बारीक झालाय हे त्याला आत्ता कळलं. वर पानं सळसळत होती. पंचशील सुरू झालं तेव्हा त्याची मान कलायला लागली. पहिलं शील त्यानं म्हटलं, दुसरं अर्धं. मग डोकं आईच्या खांद्यावर गेलं आणि तो गाढ झोपला, तिकडे रस्त्यावर बेचाळीस माणसं उपीट खात त्याला शिव्या देत असताना.

जाग आली तेव्हा ऊन कठड्यावरून खाली उतरलं होतं. मीनाबाई तशीच ताठ बसली होती, खांदा जरासुद्धा हलवला नव्हता.

"पंचशील अर्ध्यावर ऱ्हायलं गं," तो ओशाळून म्हणाला.

"तुझं बी मीच म्हनले," ती म्हणाली. "तुज्या बाचं बी."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. रुमाल झटकला, घडी करून कमरेला खोचला. दोघं बाहेर आले. त्यानं चपला घातल्या, फोन परत घेतला, पण चालू केला नाही. ती पुढं चालत होती, सकाळच्याच वाटेनं, लॉजशेजारच्या गाड्यांच्या तळाकडे. सकाळी गाडी जिथं उभी होती तिथं दुसऱ्याच राज्याची गाडी होती. मीनाबाई थांबली. तिनं तळावर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथं तिला सगळं दिसलं असावं. एका डोळ्यानंही आईला तेवढं दिसतं.

"गाडी फुडं गेली व्हय?"

खोटं बोलायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "तुला सोडून."

मीनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं झालं. न्हायतर तू कुटं आला असतास."

आणि ती रिक्षाकडे चालू लागली.