समोरच्या बंद घराला नारळ फोडणाऱ्या काकू

ग्रुपातल्या वाचकहो, डोकं सणकलंय म्हणून लिहितेय.

आज संध्याकाळी सिंदी मेघे गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर झपाटलेल्या घराची कादंबरी वाचत बसले होते. शेजारच्या काकू तूर पाखडत होत्या. म्हणाल्या, "काऊन आवडते वं तुले असलं?"

मी सांगितलं, "एका घरातून बाईचं रडणं ऐकू येते, अन् कोणी मानतच नाई."

काकू हसल्या. "असं कुठं असते का? शेजारीपाजारी काय मेले राह्यतात?"

माझी सटकलीच. समोरच्या बंद घराकडे बोट दाखवलं. "तिथल्या सुनेचं रडणं तुम्हाले ऐकू नव्हतं येत?"

"दिवेलागणीले मेलेलीचं नाव नको काढू," म्हणत काकूंनी सूप उचललं आणि दार लावून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी त्या घरातून मारहाणीचा आवाज आला की याच काकू टीव्ही मोठा करायच्या. ती मेल्यापासून मात्र दर अमावास्येला तिच्या फाटकावर नारळ फोडतात. जिवंतपणी तिची कीव आली नाही, आता भीती वाटते!

म्हणून आवडतात मला ही पुस्तकं. त्यांत मेल्यावर तरी बाईचं ऐकावं लागतं.

काकूंना सुनावून तावातावाने घरात आले आणि आठवलं. तेव्हाही मी याच ओट्यावर वाचत बसायचे. आवाज आला की पुस्तक घेऊन आत जायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

तुमच्या शेजारून आवाज येतो तेव्हा तुम्ही काय करता? खरं लिहा.